टेपची गाठ: आधी शेपट्या बघा

डोंगरचढाईत नायलॉनच्या टेपची, म्हणजे सपाट विणलेल्या पट्ट्याची, दोन टोकं जोडून स्लिंग (बंद वेटोळं) करायची असेल तर मी वॉटर नॉट मारतो. हिलाच टेप नॉट म्हणतात. मारायला सोपी, सपाट बसते आणि चुकली तर नजरेला लगेच कळते. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एका टोकाला साधी ओव्हरहँड गाठ (रोजची एकेरी गाठ) मारा, पण आवळू नका. दुसरं टोक पहिल्या शेपटीच्या (गाठीबाहेर उरलेल्या मोकळ्या टोकाच्या) समोरून आत घाला आणि पहिल्या टेपच्या अंगावरून, उलट दिशेने, तिच्याच वाटेने शेवटपर्यंत न्या. दोन्ही पट्टे एकावर एक असे बसले पाहिजेत की जणू एकच जाड पट्टा आहे. अंगठा फिरवून बघा. कुठे पीळ लागला तर सोडवून सरळ करा. मग चारही पदर एकेक करून ओढा आणि शेवटी स्लिंगमध्ये पाय घालून अंगाचं पूर्ण वजन टाका. नुसत्या हाताने ही गाठ नीट बसत नाही.

शेपट्या गाठीच्या दोन विरुद्ध बाजूंना निघाल्या पाहिजेत. दोन्ही एकाच बाजूला असतील तर ती वॉटर नॉट नव्हेच. दोन टोकं एकत्र धरून मारलेली ती ओव्हरहँड वजन आलं की उलटत टोकाकडे सरकते. टेपला ती कधीही मारू नका.

आता शेपटीची लांबी. इंचभर रुंद टेपला चार बोटं, म्हणजे साधारण 8 सेंमी, ही किमान. मी सहा बोटं सोडतो. एकदा टॉप रोपच्या (दोर वरून सोडून केलेल्या चढाईच्या) अँकरला, म्हणजे दोर अडकवायच्या आधाराला, सकाळी चार बोटं शेपटी ठेवली होती. कुणी मोठं पडलं नाही, दिवसभर नुसतं वजन येत-जात राहिलं. दुपारी बघितलं तर एक शेपटी जेमतेम दोन बोटं उरलेली. ही गाठ एका दणक्याने सहसा सुटत नाही, पण वजन पुन्हापुन्हा आलं-गेलं की हळूहळू सरकते. म्हणून प्रत्येक वेळी हार्नेस (कमरेचा पट्टा) जोडण्याआधी दोन्ही शेपट्या मोजा. सकाळी मोजल्या, हे दुपारी चालत नाही.

बिअर नॉट, म्हणजे एक टोक दुसऱ्याच्या पोकळीत घालून मारलेली गाठ, फक्त पोकळ टेपलाच बसते. दिसायला सुबक, पण एक टोक आत लपतं आणि किती उरलंय ते दिसत नाही. मी ती वापरत नाही. स्लिंग बरेच दिवस तशीच ठेवायची असेल तर डबल फिशरमन्स (दोन्ही टोकं एकमेकांभोवती दोन-दोन वेढे देऊन मारलेली गाठ) मारा. टेप जास्त लागते आणि वजन पडल्यावर सोडवताना बोटं दुखतात, पण ती सरकत नाही. रीफ नॉटने (एकावर एक उलट मारलेल्या दोन साध्या गाठींनी) टेप जोडायचा विचारही नको.

डायनीमाची (एका मजबूत कृत्रिम धाग्याची) टेप गुळगुळीत असते, तिच्यात गाठ धरत नाही. तिथे कारखान्यात शिवलेली स्लिंगच घ्या. तिच्या पट्टीवर 22 केएन (किलोन्यूटन, म्हणजे ती किती जोर सहन करते ते) छापलेलं असतं.

आणि अँकरवर आधीच कुणाची गाठ मारलेली, रंग उडालेली टेप लटकत असेल, तर तिच्यावर वजन टाकू नका. स्वतःची टेप काढा, स्वतः गाठ मारा.