इंग्रजी पत्रात बाईंच्या नावाआधी काय लिहायचं? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे अंदाजाने ‘मिसेस’ लिहून मोकळं होणं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याची परदेशी जाणारी पत्रं माझ्या नजरेखालून जातात. नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. बाई मोठ्या पदावर आहेत, म्हणजे वयाने मोठ्या असणार, म्हणजे लग्न झालेलं असणार! पुरुषाला मिस्टर लिहिताना त्याच्या लग्नाचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. मग बाईंच्याच बाबतीत ही चौकशी कशाला?

ही चौकशी टाळायला ‘मिझ’ आहे, लग्न झालेलं असो वा नसो, चालतं. लिहिताना एम आणि एस, दोनच अक्षरं. अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या एका वर्तमानपत्राने १९०१ सालीच ते सुचवलं होतं. बाईंचं लग्न झालंय की नाही हे माहीत नसेल तर हाक कशी मारायची, ही अडचण तेव्हाही होतीच. तरी न्यूयॉर्क टाइम्सने ते स्वीकारलं थेट १९८६ मध्ये. त्याआधी १९८४ ला अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या जेराल्डिन फेरारो यांनी लग्नानंतरही माहेरचं आडनाव ठेवलं होतं, नवऱ्याचं आडनाव झकारो. मिसेस फेरारो म्हणावं तर फेरारो नावाचा नवरा नाही, मिस म्हणावं तर लग्न झालेलं. नौपाड्यात, वाशीत माहेरचं आडनाव लावणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांना मिसेस लिहिलं की हाच घोळ होतो.

मिझ म्हणजे घटस्फोटित, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. त्यांचं ऐकू नका.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण ती निव्वळ घाईची आहे: समोरच्याची सही न वाचणं. आमच्याकडे एक मुलगा होता, कळव्याहून यायचा, कामाला अतिशय चपळ. इंग्लंडच्या एका गिऱ्हाईक कंपनीतल्या खरेदीप्रमुख बाईंना त्याने पहिल्या मेलमध्ये मिसेस लिहिलं, तेही आडनावाऐवजी पहिल्या नावाला जोडून. बाईंनी उत्तर दिलं. खाली त्यांच्या नावाआधी ‘डॉक्टर’ स्पष्ट छापलेलं होतं. याने ते पाहिलंच नाही. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, लग्न झालेलं नसेल. म्हणून पुढच्या मेलमध्ये मिस. शेवटी बाईंनी शांतपणे कळवलं की मला डॉक्टर लिहावं. ती मेल मालकांनाही गेली होती. त्या गिऱ्हाइकाचा पत्रव्यवहार त्या मुलाकडून काढून घेतला. मला फार वाईट वाटलं, कारण चार ओळी खाली नजर टाकली असती तर काहीच झालं नसतं.

माझी सवय सांगते. उत्तर लिहायच्या आधी त्यांची शेवटची मेल उघडायची आणि सहीपासून वाचायला सुरुवात करायची. तिथे डॉक्टर किंवा प्रोफेसर असेल तर तेच. मिसेस असेल तर बाईंनी स्वतः निवडलंय, आपणही मिसेसच लिहायचं. काहीच नसेल तर मिझ. आणि किरणसारखं नाव असेल, बाई की पुरुष ते कळत नसेल, तर सरळ ‘डिअर किरण पाटील’. इटलीत आंद्रेआ हे पुरुषाचं नाव असतं, तेव्हा नावावरूनही ठरवू नका.

‘स्नेहा मॅडम’ म्हणायच्या सवयीने ‘मिझ स्नेहा’ लिहिलं जातं. मिझ पाटील किंवा मिझ स्नेहा पाटील लिहा. नवरा वारला की मिसेस काढायचं, ही समजूत आपल्या ‘सौ.’वरून आली आहे; इंग्रजीत मिसेस तसंच राहू शकतं. मिझपुढे टिंब अमेरिकेत देतात, ब्रिटनमध्ये सहसा नाही.

नाव माहीत असताना तयार नमुन्यातलं ‘डिअर सर ऑर मॅडम’ तसंच ठेवणाऱ्यांचं पत्र मी परत पाठवते. नाव शोधायला कंपनीची वेबसाइट आहे, फोन आहे. खरोखरच मिळालं नाही तर ते चालेल, पण ब्रिटिश पद्धतीने मग शेवटी ‘युअर्स फेथफुली’ येतं. नावाने सुरुवात केली असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’.