परसातला संडास: रूप जुनं, पोट नवं

इंदूरच्या जुन्या वाड्यांत संडास परसाच्या टोकाला असायचा. हौदातून टमरेल भरून न्यायचं, परतताना राखेनं हात चोळायचे; भिंतीत कंदिलापुरता कोनाडा. असा संडास दुरुस्त करून पुन्हा वापरात आणायचा असेल तर कोनाडा, पायऱ्या, लाकडी दार जरूर ठेवा. मागच्या बोळात उघडणारी बुटकी झडप मात्र माणसाकडून मैल्याची टोपली उचलून घेण्यासाठी होती. ही पद्धत १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंद केली आहे. झडप बाहेरून दिसू द्या, आतून विटांनी चिणून टाका.

व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडात हेन्री मूल या पाद्र्यानं १८६० मध्ये कोरड्या मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं होतं: दांडी ओढली की मैल्यावर वाळलेली माती पडे. आपल्याकडे तो चालायचा नाही. धुण्याचं पाणी पडलं की मातीचा चिखल होतो आणि वास सुटतो.

गल्लीत ड्रेनेज लाइन असेल तर सरळ तिला जोडा. नसेल तर दोन शोषखड्डे करा, एक वापरात, एक विश्रांतीला. पाच माणसांना साधारण तीन वर्षं पुरेल असा खड्डा एक मीटर व्यासाचा, तेवढाच खोल. दोघांत निदान एक मीटर अंतर. बांधकाम जाळीदार, म्हणजे विटांत फटी सोडून; तळ कच्चाच ठेवायचा.

पण हे माप पाणी मुरणाऱ्या जमिनीचं. माळव्याची काळी माती पावसात फुगते, पाणी मुरू देत नाही आणि खड्डा श्रावणातच तुंबतो. म्हणून खड्डा मोठा घ्या आणि भिंतीबाहेर चहूबाजूंनी ३० सेंटीमीटर रुंद वाळू-खडीचा थर भरा. विहीर जवळ असेल तर १० मीटर लांब राहा.

खरी चूक भांड्यात होते. गवंडी दुकानातलं नेहमीचं पसरट भांडं बसवतो. त्याला दरवेळी अर्धी बादली लागते आणि एवढं पाणी खड्ड्याला पेलत नाही. उभ्या उताराचं (२५ ते ३० अंश) भांडं आणि २० मिलिमीटर पाणी धरणारा ट्रॅप (भांड्याखालची वाकडी नळी, तिच्यातलं पाणी वास अडवतं) मागा, दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. पाइप ७५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, उतार १५ फुटांना निदान एक फूट. खड्ड्यांपाशी दोन तोंडांचं चेंबर करा, एकेका खड्ड्याला एकेक तोंड. विश्रांतीतल्या खड्ड्याचं तोंड बंद ठेवायचं. वासाच्या पाइपची गरज नाही, वायू मातीतच मुरतो. भरलेला खड्डा दोन वर्षं बंद राहिला की आतलं खत कोरडं, बिनवासाचं निघतं.

संडासाच्या जुन्या भिंतींना सिमेंट लावू नका. ओल आत कोंडते, लोणा लागतो, विटा भुसभुशीत होतात. गिलाव्याला भिजवून मुरवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, आणि काम दिवाळीनंतर काढा.

वापर सुरू झाल्यावर अ‍ॅसिड, फिनाईल ओतायचं नाही, त्यानं खड्ड्यातले जंतू मरतात. राख आणि खराटा पुरे. न्हाणीचं पाणीही इकडे वळवू नका.