जुनं म्युझिकल बघताना पाय बघा, मग कात्री शोधा

रविवारी तत्काराचा रियाज झाला की मी कथकच्या मुलींना लॅपटॉपवर टॅप, म्हणजे बुटांच्या तळव्यांनी ठेका वाजवत करायचा अमेरिकी नाच, दाखवते. पावलांचा आवाज कानात बसावा, एवढाच हेतू होता. एकदा 'सन व्हॅली सेरेनेड' (१९४१) लावला. ग्लेन मिलरचा बँड वाजवतो, मग सेट बदलतो, मागे आगगाडी दिसते आणि डोरोथी डँड्रिज व निकोलस बंधू हे कृष्णवर्णीय कलाकार येऊन नाचून जातात. धाकटी एक म्हणाली, "ताई, हे परत कधी येणार?" सिनेमा संपला, ते आलेच नाहीत.

तेव्हापासून मी असे सिनेमे वही घेऊन बघते. तुम्हीही बघा.

कृष्णवर्णीय कलाकार पडद्यावर आला की वेळ लिहा, गेला की लिहा. मग तेवढा भाग मनातल्या मनात उचलून टाका. गोष्ट अडते का? बहुतेक वेळा अडत नाही, आणि ती तशीच बेतलेली असायची. अमेरिकेच्या दक्षिणेतली सेन्सॉर मंडळं आणि थिएटरवाले असे प्रसंग कापत. मेम्फिस शहराचा सेन्सॉरप्रमुख लॉइड बिनफर्ड तर त्यासाठीच ओळखला जाई. एमजीएम स्टुडिओने कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नची कितीतरी गाणी अशीच कथेपासून सुटी ठेवली. सुंदर पोशाख, गाणं, आणि ती गेली.

मग 'द लिटल कर्नल' (१९३५) मधला जिना लावा. तिथे घाई करू नका. कृष्णवर्णीय टॅप नर्तक बिल रॉबिन्सन पन्नाशी ओलांडलेले, गोरी बालतारका शर्ली टेम्पल जेमतेम सहा वर्षांची. तिला वर झोपायला जायचं नाही, म्हणून ते पायऱ्यांवर नाचून दाखवतात. आधी डोळे मिटून ऐका. प्रत्येक पायरीचा बोल स्वच्छ वाजतो, आमच्याकडे दाणेदार म्हणतात तसा. मग डोळे उघडा: ते तिचा हात धरून चढतात. गोऱ्या मुलीचा हात धरलेला कृष्णवर्णीय पुरुष त्या काळात हॉलिवूडमध्ये दिसत नसे. पण कपडे बघा. एवढा मोठा कलावंत, आणि भूमिका नोकराची.

लगेच 'स्विंग टाइम' (१९३६) लावा. गोरे नर्तक फ्रेड अस्टेअर चेहऱ्याला काळा रंग फासून याच रॉबिन्सन यांच्या टोपणनावाच्या गाण्यावर नाचतात. मागे तीन सावल्या, पदन्यास देखणा. मला अस्टेअर फार आवडतात, तरी हे बघताना पोटात तुटतं. रॉबिन्सन तेव्हा हयात होते, हॉलिवूडमध्ये काम करत होते. मुलींना मी हे दोन्ही लागोपाठ दाखवते, मध्ये काही बोलत नाही.

शेवटी 'स्टॉर्मी वेदर' (१९४३). रॉबिन्सन, लीना हॉर्न, कॅब कॅलोवे, फॅट्स वॉलर, सगळे मुख्य कलाकार कृष्णवर्णीय, त्यामुळे इथे कात्री लावायला जागाच नाही. फेयर्ड आणि हॅरोल्ड निकोलस मोठ्या पायऱ्या उतरतात: एक दुसऱ्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर पाय फाकून बसतो, मग दुसरा त्याच्यावरून. नाचाचं रीतसर शिक्षण दोघांनीही घेतलं नव्हतं. आईवडील फिलाडेल्फियाच्या थिएटरात वाजवायचे, मुलं बसून बघायची.

हा भाग निम्म्या वेगाने लावा आणि उठताना हात जमिनीला टेकतात का, तेवढंच बघा.