सांगोल्याच्या आमदारांचा तक्ता आणि चुकलेली एक ओळ

वाचनालयाच्या भिंतीसाठी सांगोला मतदारसंघाच्या आमदारांचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं, तासाभराचं तर आहे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये मिळतो. ते सगळे उतरवून घेतले, वहीत रकाने आखले. गणपतराव देशमुख भरले दहा वेळा.

आमचे अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "अकरा. परत मोज."

मोजलं. दहाच.

"चौऱ्याहत्तर कुठाय?"

घोळ तिथे होता. १९७२ ला गणपतराव पडले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते. त्यामुळे तुमच्या मतदारसंघाचा तक्ता करताना दर दोन निवडणुकांमध्ये एक ओळ रिकामी सोडा. मग विधिमंडळाची त्या त्या विधानसभेची सदस्यसूची शेजारी ठेवून नावं ताडून बघा. एका जागेला दोन नावं दिसली की मधे काहीतरी घडलंय. आणि गावात एखादे अण्णा असतील तर आधी त्यांना विचारा, वेळ वाचेल.

सुरुवात १९६२ पासून केलेली बरी. त्याआधीच्या दोन निवडणुका मुंबई राज्यातल्या, शिवाय तेव्हा काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार जायचे, त्यात नवखा माणूस हमखास अडकतो. महाराष्ट्राच्या जागाही वाढत गेल्या: १९६२ ला २६४, १९६७ ला २७०, १९७८ पासून २८८. म्हणून मतदारसंघ क्रमांकाच्या भरवशावर मागे जाऊ नका, नावाने जा. आणि नावाचीही खोड असते. आपण सांगोला म्हणतो, आयोगाच्या यादीत '२५३ सांगोले' आहे. मी अर्धा दिवस 'ला' शोधत बसलो होतो.

हद्दीकडे मात्र नीट बघा, खरी गंमत तिथे आहे. २००८ च्या पुनर्रचनेनंतर सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळही या मतदारसंघात धरलं जातं. लोकसभेला आपण पंढरपुरातून निघून नव्या माढ्यात गेलो. २००९ ला तिथून शरद पवार निवडून आले. या हद्दी पुनर्रचनेच्या आदेशात मंडळवार दिलेल्या असतात. तक्त्यात त्या वर्षी आडवी जाड रेघ मारा, नाहीतर भाळवणीचा माणूस येऊन विचारेल, "सगळी वर्षं आमचीच का?"

रकाने चारच ठेवा: साल, नाव, पक्ष, शेरा. शेऱ्यात दुसऱ्या नंबरचा उमेदवार लिहा, कारण आजचा पडलेला उद्याचा आमदार असतो. शहाजीबापू पाटलांना महाराष्ट्र २०२२ च्या 'काय झाडी, काय डोंगार'मुळे ओळखतो. आमच्या तक्त्यात ते १९९५ लाच आहेत, काँग्रेसकडून, तेही गणपतरावांना पाडून. १९९९ ते २०१४ सलग चार वेळा पुन्हा गणपतराव, शेतकरी कामगार पक्षच. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ च्या तिरंगी लढतीत दुसरे नातू बाबासाहेब यांनी जागा परत आणली.

७६८ सारखा आकडा आला की नमुना २० उघडा. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. कंटाळवाणा कागद, पण आपल्या शाळेतलं केंद्र सापडलं की माणूस खुर्ची पुढे ओढतो.

आमच्या तक्त्यात १९७४ ची ओळ शेवटी दोन ओळींच्या मधे लाल पेनाने कोंबली. अण्णा येता-जाता तिच्यावर बोट ठेवतात.