जंतांच्या अंड्यांवरून जुनी माणसं कशी जगायची ते कसं शोधायचं

सगळा खेळ माती कुठली घेता यावर आहे. जुन्या संडासाच्या खड्ड्यातली घ्या, नाहीतर सांगाड्याच्या कमरेच्या हाडांमधली, म्हणजे जिथे आतडी होती तिथली, आणि कवटीजवळची, पायांजवळची पण थोडी घ्याच, कारण तिथेही तेवढीच अंडी निघाली तर ती पोटातली नाहीत, बाहेरून आलीयेत. मग ०.५ टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या (वाळलेलं पुन्हा मऊ करणारा एक क्षार) पाण्यात भिजवायची, वाळलेली विष्ठा असेल तर तीन दिवस तरी (घाई नको, वासही येतो बरं का), बारीक चाळणीतून गाळायची आणि मायक्रोस्कोपखाली घ्यायची. व्हिपवर्मचं (चाबकासारखा दिसणारा आतड्यातला जंत) अंडं लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखं, एकदा बघितलं की विसरत नाही. तरी माप घ्याच, परागकण फसवतात.

आता अर्थ लावायचा. व्हिपवर्म, राउंडवर्म (आतड्यातला गोल जंत) सापडले म्हणजे मैला हातातोंडापर्यंत पोचत होता, फिश टेपवर्म (माशातून येणारा पट्टीसारखा जंत) म्हणजे मासा कच्चा नाहीतर अर्धवट शिजलेला. आणि कधीकधी प्रवासच सापडतो. चीनमध्ये दुनहुआंगजवळ वाळवंटातल्या २००० वर्षं जुन्या संडासात ढुंगण पुसायच्या, कापड गुंडाळलेल्या काड्या मिळाल्या, त्यावर लिव्हर फ्लूकची (यकृतात राहणारा चपटा जंत) अंडी, आणि हा जंत तर ओल्या, दलदलीच्या भागातला! म्हणजे कुणीतरी लांबून तो पोटात घेऊनच आलं होतं.