कमी पैशात घरी प्लांटेड टँक : आधी झाडं, मासे सगळ्यात शेवटी

प्लांटेड टँक म्हणजे खरी, जिवंत पाणझाडं लावलेला फिशटँक. फिशटँक घ्यायचा म्हटलं की आपण आधी मासे बघायला जातो आणि तिथंच चुकतं. मी पण पहिल्यांदा टँक, रंगीत खडी आणि आठ मासे एकाच संध्याकाळी घरी आणले होते, चौथ्या दिवशी सकाळी तीन मासे वर तरंगत होते आणि लेक शाळेचं दप्तर घेऊन तिथंच उभी होती, मला फार वाईट वाटलं. मासे आजारी नव्हते. माशांच्या अंगातून आणि उरलेल्या खाण्यातून विषारी अमोनिया बाहेर पडतो, तो पचवणारे बॅक्टेरिया नव्या टँकमध्ये नसतातच, ते जमायला तीन-चार आठवडे लागतात. झाडं असली की ती हाच अमोनिया खत म्हणून खातात. म्हणून पैसे आणि वेळ दोन्ही झाडांवर घाला.

टँक २ बाय १ बाय १ फुटाचा घ्या, साधारण ५५ लिटरचा. स्वस्त म्हणून काचेचा गोल बाउल घेऊ नका, थोडं पाणी लगेच बिघडतं. सेकंडहँड मिळाला तर उत्तम, फक्त बाल्कनीत पाणी भरून २४ तास ठेवा आणि सिलिकॉनच्या कडा हात फिरवून बघा. भरलेला टँक माती-खडी धरून ६०-७० किलोच्या घरात जातो, त्यामुळे कडाप्प्याचा ओटा नाहीतर मजबूत टेबल हवं, खाली थर्माकोल. ऊन येणाऱ्या खिडकीपाशी अजिबात नको, शेवाळ थांबत नाही.

आता माती, कारण खरी बचत इथं आहे. दुकानातली अ‍ॅक्वासॉइल, म्हणजे टँकसाठीची तयार माती, महाग असते, आपली साधी लाल माती चालते. पण नर्सरीतलं तयार मिक्स घेताना विचारा, त्यात निंबोळी पेंड किंवा शेणखत असेल तर घेऊ नका, निंबोळी पेंड माशांना विषारी आणि ताज्या शेणखतानं अमोनिया भडकतो. काळी माती पण नको, ती फुगते आणि पाणी गढूळ करते. माती चाळा, बादलीत भिजवा, वर तरंगलेला पालापाचोळा आणि काड्या काढून टाका, पाणी ओता, उन्हात वाळवा, असं दोन-तीनदा करा. टँकमध्ये जेमतेम १ इंच थर द्या आणि वर दीड इंच धुतलेली जाड वाळू. बांधकामाची वाळू चाळून २-३ मिमीचे जे खडे उरतात ते एकदम बेस्ट. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर त्यात चुना आहे, पाणी जड, म्हणजे क्षारांचं होईल. आपला काळा दगड सजावटीला बिनधास्त वापरा, संगमरवराचे तुकडे नकोत.

लाइटला २ फुटी १० वॅटची एलईडी ट्यूब पुरते, ६५०० केल्विनची, म्हणजे साधा पांढरा उजेड. रोज ६-७ तास, जास्त नाही.

झाडं सोपी घ्या आणि पहिल्याच दिवशी भरपूर लावा. व्हॅलिसनेरिया मागच्या बाजूला, हायग्रोफिला मध्ये, हॉर्नवर्ट नुसतं तरंगत सोडा, ते अमोनिया फार पटकन खातं. अनुबियास आणि जावा फर्न मातीत पुरू नका, त्यांचं जाड आडवं खोड कुजतं, दगडाला शिवणाच्या दोऱ्यानं बांधा. आणि ब्राह्मी! नर्सरीत ब्राह्मी म्हणून दोन वेगळी झाडं विकतात. गोल, वाटीसारख्या पानांची ती मंडूकपर्णी, ती घेऊ नका. आपल्याला हवी ती बारीक, जाडसर पानांची, दांड्यावर पानं समोरासमोर जोडीनं येतात, तिचं नाव बाकोपा. मुळं धुवून, खालची पानं काढून, एकेक दांडा चिमट्यानं तिरका खोचा म्हणजे वर येत नाही. जमिनीवरची पानं पाण्यात पिवळी पडून गळतात, घाबरू नका, दोनेक आठवड्यांत शेंड्याला नवी कोवळी पानं येतात, जुन्या पानांपेक्षा पातळ.

पाणी भरताना मातीवर ताटली ठेवा आणि तिच्यावर हळूहळू ओता, नाहीतर सगळी मेहनत ढवळून निघेल. नळाचं पाणी असेल तर बादलीत २४ तास उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातो. तरी अँटीक्लोरीनची, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या औषधाची छोटी बाटली घरात असू द्या, काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात आणि ते असं उडत नाही.

मग थांबायचं. पहिले दोन आठवडे मातीतून अमोनिया सुटतो, दर तीन-चार दिवसांनी निम्मं पाणी बदला. एक स्पंज फिल्टर आणि छोटा एअरपंप चालू ठेवा. आणि हे नक्की करा, टँकवर बारीक जाळी किंवा जुनी ओढणी ताणून बांधा, कारण मासे नसलेलं स्वच्छ साठलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आयतं घर. अमोनिया आणि नायट्राइटचा (बॅक्टेरिया अमोनिया पचवताना मधे तयार होतं ते, हेही माशांना विषारी) टेस्ट किट मात्र घ्याच, काटकसर दुसरीकडे करा. दोन्ही शून्य आले, सलग आठवडाभर शून्यच राहिले, की मासे.

पहिले मासे गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिकेवाले हौदात सोडतात तेच. पाच-सहा नर घ्या, मादी असली की थेट पिल्लं देते, साधारण महिन्या-महिन्याला, आणि टँक भरून जातो. बोअरचं जड पाणी गप्पींना आवडतं. गोल्डफिश नको, घाणही करतो आणि झाडंही खातो, काच साफ करायला म्हणून सकर मासा देतील तर घेऊ नका, फूटभर वाढतो. पिशवी २० मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, मासे जाळीनं सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर फेका.

पुढं आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला, स्पंज धुवायचा तो याच काढलेल्या पाण्यात, नळाखाली धुतला की बॅक्टेरिया मरतात. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. वाळूतून सडक्या अंड्यासारखा वास आला तर बारीक काडीनं हळूच टोचून बुडबुडे काढा. झाडं वाढली की छाटा, पण ती छाटणी नदी-तळ्यात किंवा नाल्यात टाकू नका, जलपर्णीनं आपल्या नद्यांचं काय केलंय ते बघतोच आपण. कुंडीत टाका, कुजून मस्त खत होतं.