मेलॅनिन आणि धातूंचे आयन: या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेलॅनिनवर, म्हणजे त्वचा-केसांना रंग देणाऱ्या रंगद्रव्यावर, काम करायला आलेल्या एमएस्सीच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: याचं रचनासूत्र काय? असं एक सूत्र नाही. काळं युमेलॅनिन डीएचआय आणि डीएचआयसीए या दोन इंडोल घटकांपासून बनतं. दोघांत फरक फक्त एका कार्बोक्झिल गटाचा, तो डीएचआयसीएत असतो. तांबूस फिओमेलॅनिनात सिस्टीनमधून गंधक येतं. घटक जोडले जाण्याला ठरावीक क्रम नसल्यामुळे स्फटिक मिळत नाही. वर्णपटातही शिखर दिसत नाही, जंबुपारकडून तांबड्याकडे उतरत जाणारी सलग रेघ तेवढी दिसते. नेटक्या वर्णपटांची सवय असलेल्यांना सुरुवातीचे महिने जड जातात. धीर सोडू नका.

धातूंकडे वळलं की तोच एक कार्बोक्झिल गट महत्त्वाचा ठरतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुख्यतः त्याला बांधले जातात, तर लोहाचा फेरिक आयन कॅटेकॉलच्या, म्हणजे शेजारशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेल्या कड्याच्या, दोन ऑक्सिजनना धरतो. शिवाय मेलॅनिन तयार होत असताना तांब्याचे आयन हजर असतील, तर डोपाक्रोम या मधल्या टप्प्यातल्या रेणूपासून बनणाऱ्या डीएचआयसीएचं प्रमाण वाढतं. म्हणजे धातू नुसता येऊन चिकटत नाही, तो रंगद्रव्याची घडणही बदलतो. मला या विषयाची ओढ लागली ती इथेच.

म्हणून पहिला निर्णय नमुन्याचा. 8.5 पीएचच्या ट्रिस बफरमध्ये डोपामिन हवेत ढवळत ठेवलं की पॉलिडोपामिन हे कृत्रिम मेलॅनिन मिळतं. 2007 नंतर ही पद्धत फार पसरली. ती सोपी आहे, पण डोपामिनमध्ये कार्बोक्झिल गटच नाही. त्यामुळे त्यावरचे कॅल्शियमचे आकडे नैसर्गिक मेलॅनिनला लावू नका. शिकण्यासाठी कटलफिशच्या शाईतलं सेपिया मेलॅनिन मला सर्वांत चांगलं वाटतं. कोकणच्या बंदरांवर माकूल म्हणून स्क्विडही मिळतो, तेव्हा ज्याच्या पाठीतून समुद्रफेन निघतो तोच मागून घ्या.

मात्र हे मेलॅनिन येतानाच कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. ते ईडीटीएने, म्हणजे धातूंचे आयन धरून नेणाऱ्या रसायनाने, धुवून काढा. लोह चिवट असतं, सहजासहजी सुटत नाही. काय उरलं ते आयसीपीवर (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजल्याशिवाय पुढचा प्रयोग करू नका, नाहीतर जागा आधीच भरलेल्या असतात आणि बंधनक्षमता कमी दिसते. भांडी प्लास्टिकची घ्या आणि ती नायट्रिक आम्लात भिजवून ठेवलेली असू द्या. नमुना ओव्हनमध्ये वाळवला तर कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि पृष्ठभाग घटतो.

सगळ्यात जास्त वेळ पीएचला द्या. फेरिक आयन उदासीन पाण्यात टिकत नाही, हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतो. सेंट्रीफ्यूजमध्ये हा साका मेलॅनिनबरोबरच तळाला जातो, वरच्या द्रावणात लोह सापडत नाही आणि वहीत शंभर टक्के बंधनाची नोंद होते. अशी क्षमता मी मानत नाही. त्याच पीएचला मेलॅनिनशिवायचा नमुना शेजारी चालवलाच पाहिजे. फॉस्फेट बफर लोहाचा साका पाडतो, ट्रिस तांब्याला स्वतःच धरून ठेवतो. धातू बांधला जाताना प्रोटॉन सुटतात, म्हणून प्रयोगाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही पीएच लिहून ठेवा.

सुरुवातीलाच एक साधा प्रयोग करून बघा. कॅटेकॉलच्या जास्त प्रमाणातल्या द्रावणात थोडं फेरिक क्लोराइड घाला आणि पीएच हळूहळू वाढवत न्या. आधी हिरवट, मग निळा-जांभळा, शेवटी लाल रंग येतो: एका लोहाभोवती एक, दोन, तीन कॅटेकॉल. बंधन-स्थिरांकांच्या तक्त्यांत काय लिहिलंय ते यानंतर कळू लागतं.

ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स), म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनचा सिग्नल टिपणारी पद्धत, अवश्य शिका. मेलॅनिनात मुळातच मुक्त मूलक, म्हणजे असा एकटा इलेक्ट्रॉन असलेले घटक, असतात. जस्त घातलं की त्यांचा सिग्नल वाढतो, तांबं घातलं की दबतो. स्वतःच्या विभागात यंत्र नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (एसएआयएफ) सामायिक उपकरण केंद्रांत बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून नमुने देता येतात.

पुढे अनेकांना मेंदूतलं न्यूरोमेलॅनिन खुणावतं. सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूच्या भागात ते लोह धरून ठेवतं, आणि पार्किन्सनमध्ये तिथल्याच पेशी मरतात. पण मानवी ऊतींसाठी नैतिक समितीची परवानगी लागते आणि नमुना मिळतो तोही अगदी थोडा. म्हणून आधी डोपामिन आणि सिस्टीनपासून बनवलेल्या कृत्रिम नमुन्यावर हात बसवा.